हुडकेश्वरकरांनो, आकड्याला तिकीट देऊ नका!

राजेहो, आपला खिसा हलका करायला आता फार डोकं चालवावं लागत नाही. गाजलेल्या जुन्या सिनेमाचं नाव घ्यायचं, त्याच्यापुढे दोन, तीन, पाच असा आकडा ठोकायचा आणि तारीख जाहीर करायची. बाकीचं काम आपण करतो. हुडकेश्वर रोडवरच्या लेआउटमधून, म्हाळगीनगरातून, पिपळा फाट्याकडून, नरसाळ्यातून दुचाक्या आणि कार मेडिकल चौकाकडे, बर्डीकडे निघतात. गोष्ट काय आहे हे कुणी विचारत नाही. पहिला पाहिला होता ना, मग दुसरा पाहायलाच हवा, एवढंच कारण पुरतं. अडीच तासांनी बाहेर पडताना तोंडं उतरलेली असतात, "पहिल्यासारखी मजा नाही बाप्पा" असं प्रत्येक जण म्हणतो, आणि तिसरा भाग आला की पुन्हा रांगेत.

हे किती पुढे गेलंय ते बघा. ६ जून २०२५ ला 'हाऊसफुल ५' लागला तो दोन आवृत्त्यांमध्ये, ५ ए आणि ५ बी. सिनेमा तोच, शेवट वेगळा, एकात खुनी एक आणि दुसऱ्यात दुसरा. खून कुणी केला हे लेखकालाच ठरवायचं नव्हतं, आणि त्या न ठरवण्याचीही दोन तिकिटं लावली गेली! पूर्वी एका गोष्टीचे पाच भाग करून विकायचे, आता एका भागाचेच दोन भाग. ज्या प्रेक्षकाला हे खपवता येतं त्याला उद्या काय काय खपवता येईल याचा विचार त्या प्रेक्षकानंच करायचा आहे.

दुसरा भाग काढणं हे पाप आहे, असं माझं म्हणणं नाही. तसं म्हणायला मी नागपुरात राहूनही आंधळा असायला हवा. महेश एलकुंचवार आपल्या याच शहरात राहतात. त्यांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणलं. धरणगावचे देशपांडे, वारलेले तात्याजी, तेराव्यासाठी मुंबईहून आलेला सुधीर, वाड्याला जुंपलेला भास्कर, शिकायचं राहून गेलेली प्रभा, मुकाट राबणारा चंदू आणि दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. नाटक इतकं पुरं होतं की त्याच्यापुढे एक ओळही लिहिली नसती तरी कुणी तक्रार केली नसती. तरी एलकुंचवारांनी पुढे 'मग्न तळ्याकाठी' लिहिलं आणि मग 'युगान्त'. का? कारण वाडा पडल्यावर त्यातल्या पोरांचं काय होतं, पैसा आल्यावर माणूस कसा बदलतो, गाव सोडून गेलेला आणि गावात राहिलेला हे दोन भाऊ म्हातारपणाकडे झुकताना एकमेकांशी काय बोलतात, हे प्रश्न पहिल्या नाटकात मावणारेच नव्हते. काळ सरकावा लागत होता. पहिल्यात तिरसट वाटणारी माणसं तिसऱ्यात आपलीच वाटू लागतात. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही भाग सलग उभे केले, तेव्हा लोक अख्खा दिवस नाट्यगृहात बसले. आणि २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'युगान्त'ला, म्हणजे तिसऱ्या भागाला! ज्या शहरातला लेखक तिसऱ्या भागावर अकादमी मिळवतो, त्या शहरातल्या माणसानं 'तिसरा भाग म्हणजे असाच असतो' म्हणून कचरा गिळावा, ही शरमेची गोष्ट आहे.

दुसरा नागपूरकर त्याहून मोठा धडा देतो. राजकुमार हिरानी इथलाच, १९६२ चा जन्म, वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट, कॉमर्सचं शिक्षण, मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलनाचं. २००३ मध्ये त्याचा 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' आला. दुसरा कुणी असता तर पुढच्याच वर्षी मुन्नाला वकील केला असता, त्याच्या पुढच्या वर्षी इंजिनीअर, आणि पोरी, गाणी, मारामाऱ्या तशाच ठेवल्या असत्या. हिरानीनं तीन वर्षं घेतली. 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये मुन्ना आणि सर्किट तेवढे राहिले, बाकी सगळी मांडणी मोडली. पहिल्या भागातली नायिका नाही, ते कॉलेज नाही, एवढंच काय, पहिल्या भागात काय घडलं याची आठवणही कुणाला नाही. एका टपोऱ्याला गांधी दिसू लागले तर काय होईल, हा सर्वस्वी नवा प्रश्न त्यानं त्या दोघांपुढे टाकला. गांधी झाले आपले दिलीप प्रभावळकर, आणि त्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देशभर फुलं देऊन निषेध करण्याची लाट आली. सिनेमाच्या दुसऱ्या भागानं रस्त्यावरच्या माणसाची वागणूक बदलावी, असं आपल्याकडे कितीदा घडलंय?

आणि नंतर? नंतर काहीच नाही. 'मुन्नाभाई चले अमेरिका'ची झलक दाखवली गेली होती. तो सिनेमा झालाच नाही. तिसऱ्या भागाच्या पटकथा लिहायला घेतल्या, अर्ध्यावर सोडल्या, पहिल्या दोन्हींच्या तोलाचं काही हाती लागल्याशिवाय करायचं नाही, असं हिरानीनं मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. विचार करा, मुन्ना आणि सर्किट ही दोन नावं पोस्टरवर नुसती छापली असती तरी पहिल्या तीन दिवसांत कोट्यवधी जमले असते. लिहिता येत नसताना लिहायचं नाही, एवढा साधा संयम या माणसानं इतकी वर्षं पाळला. त्याच्या बाकीच्या सिनेमांबद्दल मतभेद असू द्या, माझेही आहेत. पण या एका न केलेल्या सिनेमासाठी नागपूरनं त्याचा सत्कार करायला हवा. आपण केलेल्याचे सत्कार फार करतो.

तिसरा माणूस नागपूरचा नाही, पण त्याचं उत्तर नागपुरातच सापडतं. 'सैराट' २०१६ मध्ये आला आणि शंभर कोटींची रेषा ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. कन्नड, पंजाबी, ओडिया, हिंदी, जिकडे तिकडे त्याच्या नकला निघाल्या. हिंदीतल्या 'धडक'नं तर जातीचा प्रश्नच पुसट करून टाकला, म्हणजे गोष्टीचा कणाच काढला. मग २०२५ मध्ये 'धडक २' आला, आणि तो निघाला तामिळ 'परियेरूम पेरुमाल'वर बेतलेला. एका मराठी सिनेमाच्या हिंदी नकलेचं नाव एका तामिळ सिनेमाच्या हिंदी रूपाला! त्या दुसऱ्या सिनेमानं जातीबद्दल पहिल्यापेक्षा जास्त धीटपणे बोलायचा प्रयत्न केला हे मान्य करायला हवं. मग त्याला स्वतःचं नाव का मिळू नये? स्वतःच्या पायावर उभं राहण्याच्या लायकीच्या गोष्टीला दुसऱ्याचा पाट का लागतो? कारण आपण नाव पाहून तिकीट काढतो. नागराज मंजुळेनं मात्र आर्ची-परश्याच्या त्या पोराला मोठं करून 'सैराट २' काढला नाही. तो नागपुरात आला, हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलची गोष्ट घेतली, आपल्या वस्त्यांतली पोट्टी कॅमेऱ्यापुढे उभी केली आणि २०२२ मध्ये 'झुंड' दाखवला. या पोट्ट्यांची बोली तुम्हाला-मला कळते, कारण ती आपली आहे. आकड्याच्या मागे लागला असता तर हा सिनेमा झालाच नसता.

आता आपल्या घरातलं पाहू. 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० मध्ये आला तेव्हा त्यात दोनच माणसं होती, एक दिवस होता आणि पुण्याचे रस्ते होते. त्या दोघांची नावंही सिनेमा सांगत नाही. निनाव असल्यामुळेच ती कुणीही असू शकत होती. २०१५ च्या दुसऱ्या भागात त्यांना नावं मिळाली, नातेवाईक मिळाले, लग्नघर मिळालं. २०१८ मध्ये पाळणा हलायची वेळ आली. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे दोघंही गोड आहेत, प्रश्न तो नाही. दोन अनोळखी माणसांची ओळख होणं हीच ज्याची जादू, त्याच्या पुढच्या भागात अनोळखीपण कुठून आणणार? 'टाईमपास'चं तर त्याहून विचित्र. दगडू आणि प्राजक्ताची कोवळी गोष्ट २०१४ मध्ये गाजली. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला, त्यात दोघं मोठी झाली आणि शेवटी एकत्रही आली. इथे विषय संपायला हवा होता. २०२२ मध्ये तिसरा भाग आला आणि काळाचं चाक मागे फिरवून दगडूच्या मधल्या वर्षांत दुसरी मुलगी आणली. शेवट आपल्याला सात वर्षांपूर्वीच दाखवून झालेला! त्या बिचाऱ्या मुलीचं काय होणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असलेल्या माणसानं कशासाठी जीव लावायचा?

'दे धक्का'मध्ये ढकलल्याशिवाय न चालणारी गाडी होती, पोरीच्या नाचाची स्पर्धा होती आणि खिशात पैसे नव्हते. दुसऱ्या भागात तेच कुटुंब लंडनला. गरिबी गेली, धक्का कसला मारता?

'झपाटलेला'बद्दल लिहिताना हात जरा थबकतो. १९९३ चा तो सिनेमा, रामदास पाध्यांची बाहुली, महेश कोठारेंची हिंमत आणि लक्ष्या. २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले. २०१३ मध्ये ती बाहुली, तात्या विंचू, थ्रीडीत परत आली, आवाज तोच, पुन्हा प्रभावळकरांचाच. पोरांनी मजा केली असेल. पण बाहुलीला घाबरणारा तो चेहराच राहिला नव्हता, आणि भीती बाहुलीत नव्हती, त्या चेहऱ्यात होती, हे तेव्हा उमगलं. याच प्रभावळकरांनी एका दुसऱ्या भागात गांधी उभा केला आणि दुसऱ्या एका दुसऱ्या भागात त्यांना जुनीच खोडी पुन्हा काढावी लागली. नट तोच, फरक कागदावर होता.

इथपर्यंत कुणी म्हणेल, करमणूक आहे भाऊ, एवढं काय मनावर घेता. त्याला 'भूल भुलैया'चं उदाहरण देतो, कारण तिथे प्रश्न करमणुकीच्या पलीकडे जातो. २००७ चा पहिला सिनेमा मल्याळम 'मणिचित्रताळ'वरून घेतलेला. वाड्यात मंजुलिकेचं भूत आहे असं सगळे धरून चालतात, आणि शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ दाखवून देतो की भूतबित काही नाही, एका बाईच्या मनाला झालेली जखम आहे, तिला उपचार हवेत. हिंदी सिनेमानं इतक्या लोकप्रिय रूपात अशी गोष्ट क्वचितच सांगितली असेल. २०२२ मध्ये दुसरा भाग आला, आणि त्यात मंजुलिका खरंखुरं भूत! पहिल्या भागानं अडीच तास खपून जे खोडून काढलं तेच दुसऱ्यानं गाजावाजा करून परत बसवलं. नाव तेच, बाई तीच, सांगणं नेमकं उलटं. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती आपल्या नागपूरची. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी विधेयक विधिमंडळात मंजूर झालं तेही नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात. आणि आपणच पोराबाळांना घेऊन ते भूत पाहायला गेलो, टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या भागाला पहिल्याहून मोठं केलं. भुताच्या गोष्टी सांगू नयेत असं मी म्हणणार नाही, भुताची गोष्ट मलाही आवडते. पण ज्या नावानं भूत उतरवलं त्याच नावानं ते चढवायचं, याला लबाडी म्हणतात.

बाजीराव सिंघम हा आपला मराठी माणूस. २०११ मध्ये तो शिवगडचा साधा पोलीस अधिकारी होता. एका प्रामाणिक अधिकाऱ्याच्या आत्महत्येमागचं सत्य आणि गोव्यातला एक गुंड, एवढीच लढाई, म्हणून ती आपली वाटली. २०२४ च्या तिसऱ्या भागात रामायण आलं, श्रीलंका आली, निम्मा हिंदी पडदा पोलिसांच्या गणवेशात आला, आणि बाजीराव त्या गर्दीत हरवला. सावजी रस्सा पाहुणे वाढले म्हणून पाणी घालून वाढवला तर जे होतं तेच झालं, आणि वरून तर्री दिसावी म्हणून रंग टाकला.

त्याच दिवशी, १ नोव्हेंबर २०२४ ला, 'भूल भुलैया ३' लागला. दोन तिसरे भाग पडद्यांसाठी एकमेकांशी भांडले, कुणाला किती शो यावरून दिवाळीभर वाद रंगला. त्या आठवड्यात एखाद्या नव्या मराठी दिग्दर्शकाला संध्याकाळचा शो कुठून मिळणार? मराठी सिनेमाला प्राइम टाइम देण्याचा नियम २०१५ पासून आपल्या राज्यात बोलला जातो आहे, पण रिकाम्या खुर्च्यांना कुठलाच नियम शो मिळवून देत नाही.

आता हे चालतं कसं ते नीट समजून घ्या, कारण चावी तिथेच आहे. मल्टिप्लेक्सवाले आणि निर्माते यांचा २००९ मध्ये मोठा तंटा झाला, दोन महिने नवे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत. तो मिटताना जे सूत्र ठरलं त्यात पहिल्या आठवड्याच्या कमाईतला निम्मा वाटा निर्माता-वितरकाकडे, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. म्हणजे निर्मात्याला सगळ्यात जास्त मिळतं ते पहिल्या आठवड्यात, जेव्हा सिनेमा कसा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. चांगला सिनेमा तोंडोतोंडी वाढतो, त्याला तिसरा-चौथा आठवडा लागतो. वाईट सिनेमाला पहिले तीन दिवस पुरतात, फक्त लोकांना आंधळेपणानं आत आणणारं काहीतरी हवं. ते काम आकडा करतो. पूर्वी 'अलंकार', 'पंचशील', 'लिबर्टी'ला सिनेमा आठवडेच्या आठवडे चालायचा आणि माणूस शेजाऱ्याला विचारून जायचा. आता विचारायला सवडच ठेवली जात नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, पैसे वसूल, आणि सोमवारी चौथ्या भागाची घोषणा.

तर मग ही सवड आपण परत घेऊया! हुडकेश्वरकरांनो, आपला भाग कालपर्यंत गाव होता, ग्रामपंचायत होती. आज महापालिकेत आहे, बिऱ्हाडांवर बिऱ्हाडं येताहेत, आणि नव्या वस्तीतल्या तरुण, कमावत्या प्रेक्षकावरच या आकडेवाल्यांचा डोळा आहे. त्यांना आपली ताकद कळली आहे, आपल्यालाच कळलेली नाही. नावापुढे आकडा असलेल्या सिनेमाचं तिकीट पहिल्या तीन दिवसांत काढायचं नाही, एवढं या लेआउटनं, त्या अपार्टमेंटनं, पलीकडच्या मंडळानं ठरवून टाकावं. बहिष्कार नको, फक्त सोमवारपर्यंत थांबा. पाहून आलेल्याला एकच विचारा, पहिल्यात नव्हतं असं काय आहे? 'दृश्यम'च्या दुसऱ्या भागाबद्दल विचारलं असतं तर उत्तर लगेच मिळालं असतं, की गुन्हा लपवून झाल्यावर त्या कुटुंबाची वर्षानुवर्षं झोप कशी उडते ते आहे. असं उत्तर मिळालं तर खुशाल जा, सहकुटुंब जा. "सगळे परत आहेत" एवढंच उत्तर मिळालं तर घरी बसा.

आणि नुसतं बसू नका. वाचलेले पैसे त्याच शुक्रवारी लागलेल्या, कुणा अनोळखी पोराच्या किंवा पोरीच्या पहिल्या मराठी सिनेमावर टाका. पहिल्याच दिवशी, घोळक्यानं. तीस-चाळीस माणसं एका शोला आली तर दुसऱ्या दिवशी तो शो काढताना व्यवस्थापकाचा हात अडखळतो. बाप्पा, आपण वरातीला दोनशे जण जमवतो, सिनेमाला तीस जमवता येणार नाहीत? रेशीमबागेत सुरेश भट सभागृह २०१७ पासून उभं आहे, इथून काही लांब नाही. नवं नाटक लागलं की तिकडेही हाच घोळका वळवा. आणि एलकुंचवारांची तीन नाटकं एका घरानं विकत घेऊन दहा घरांत फिरवा. चांगला तिसरा भाग कसा असतो हे ज्यानं एकदा अनुभवलं त्याला वाईट तिसरा भाग विकणं कठीण जातं.

शाळकरी पोरांना यात ओढा. येत्या गणपतीत मंडपात डीजेऐवजी एक संध्याकाळ वादविवादाला द्या, विषय ठेवा: 'सैराट'चा दुसरा भाग निघावा का? बाजू पोरांनीच निवडावी. बहुतेक पोट्टी "नको" म्हणतील आणि त्यांचं बरोबरही असेल. पण एखादी पोरगी उठून "हवा" म्हणाली आणि तो रक्ताच्या पावलांनी चालत बाहेर आलेला पोरगा पुढे कुणाच्या घरी वाढला, कोणत्या जातीचा म्हणून वाढला, हे तिनं तुम्हाला गप्प करील असं मांडलं, तर पहिलं बक्षीस तिलाच द्या. मुंबईतल्या निर्मात्यांना आकडा छापताना जे सापडत नाही, ते तिच्याकडे आहे.